सगळे एकाच बाजूनं: पाटी, चिठ्ठ्या आणि पत्त्यांवर खेळायचे तर्काचे खेळ

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात जेवणं उरकली की दुपारचे दोन-तीन तास आमच्याकडं दरवर्षी वाया जायचे. भज्जी-आंबील झाल्यावर मोठी माणसं कडब्याच्या कोपीच्या सावलीला आडवी व्हायची, पोरं मोबाइल काढायची. कुणी पत्त्यांचा कॅट काढला तर चौघं मेंढीकोट खेळायचे आणि बाकीचे बारा-पंधरा जण नुसते बघत बसायचे. त्या बघत बसणाऱ्यांसाठी मी एके वर्षी शाळकरी पोरांच्या सहा पाट्या आणि खडूची डबी शेतात नेली. तेव्हापासून येळवस, हुरडा, उन्हाळ्याच्या सुट्टीतली गच्ची, सगळीकडं आमच्यात हे खेळ चालतात. ते सुरू कसे करायचे, कुठं अडतं, घरच्या घरी सामान कसं बनवायचं, ते इथं सविस्तर सांगतो.

या खेळांना सहकारी खेळ म्हणतात. एकमेकांना हरवायचं नसतं. सगळे मिळून जिंकतात, नाहीतर सगळे मिळून हरतात. मग अडचण कुठून येते? बोलण्यावरच्या बंधनातून. तुला माहीत आहे ते मला सांगता येत नाही, आणि जेवढं सांगायची परवानगी आहे तेवढ्यावरून मी तुझ्या मनातलं ओळखायचं. हे आपल्याला नवीन नाही. राजा-राणी-चोर-शिपाईमध्ये चेहऱ्यावरून चोर ओळखतोच की आपण. मेंढीकोटात समोरच्या गड्याला खाणाखुणा करायला बंदी असते, तरी त्यानं उतारी कशाची केली यावरून त्याच्या हातात काय आहे ते कळतं. हीच समज इथं अख्ख्या घोळक्याला लागते.

सुरुवातीलाच खेळाची तयार पेटी विकत घेऊ नका. शब्दांच्या बहुतेक पेट्या इंग्रजीत असतात, आणि आपल्या घरातली निम्मी माणसं तिथंच बाजूला पडतात. मराठी चिठ्ठ्या केल्या तर सत्तरीची आत्या आणि सातवीतली नात एका सतरंजीवर बसतात.

पहिला खेळ: पाटी

पहिल्या दिवशी हाच खेळ काढा. मूळ खेळाचं नाव 'जस्ट वन'. २०१८ साली तो आला आणि २०१९ मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. तीन ते सात जण खेळू शकतात. आमच्याकडं माणसं जास्त झाली की दोन-दोन जण मिळून एक पाटी धरतात.

तयारीला एक तास लागतो. जुन्या लग्नपत्रिका घ्या, त्यांचा कागद जाड असतो. एका बाजूनं कोऱ्या असतील त्या निवडून पत्त्याएवढे तेरा तुकडे कापा. प्रत्येकावर एक ते पाच आकडे घालून पाच शब्द लिहा. एकूण पासष्ट शब्द होतात. शब्द सगळ्यांच्या ओळखीचे हवेत: जातं, एसटी, पोळा, गूळ, कंदील, चष्मा, वेरूळ, मारुती, विहीर, पावसाळा. फार अवघड शब्द घालू नका. गंमत शब्दात नाही, सुचवण्यात आहे.

एकानं ओळखायचं. तो पत्रिका न बघता कपाळासमोर धरतो, म्हणजे बाकीच्यांना ती दिसते, आणि एक ते पाचमधला कुठलाही आकडा सांगतो. त्या आकड्याचा शब्द बाकीचे मनात वाचतात. मग प्रत्येक जण आपल्या पाटीवर एकच सूचक शब्द लिहितो, कुणाला न दाखवता, कुणाशी न बोलता. लिहून झालं की ओळखणारा डोळे मिटतो आणि बाकीचे पाट्या एकमेकांना दाखवतात. ज्या दोघांचा शब्द सारखा निघाला त्या दोघांनीही तो पुसायचा. उरलेलं बघून ओळखणाऱ्यानं एकदाच उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर एक गुण. चुकलं तर ही पत्रिका गेली आणि गठ्ठ्यातली आणखी एक गेली. उत्तर सुचलं नाही म्हणून सोडून दिलं तर फक्त हीच जाते. अशा तेरा पत्रिका. तेरापैकी नऊ-दहा आल्या की आमच्याकडं टाळ्या पडतात.

खेळाचा जीव पुसण्यात आहे. 'विहीर' शब्द आला. पहिल्या वेळी सहापैकी चौघांनी 'पाणी' लिहिलं. चारही पाट्या पुसल्या, उरलं 'कासव' आणि 'मोट'. ओळखणारा 'मोट'वरून विहिरीला पोचला, पण चौघांचं लिहिणं वाया गेलं. दुसऱ्या डावापासून प्रत्येक जण विचार करायला लागतो, की सोपा शब्द बाकीचे लिहिणारच, मग मी काय लिहू? आणि सगळ्यांनीच असा विचार केला तर सोपा शब्द कुणीच लिहिणार नाही, मग तो मीच लिहावा का? इथं डोकं खरं चालायला लागतं.

एकदा शब्द होता 'आगगाडी'. 'रूळ' दोघांनी लिहिला, म्हणून पुसला गेला. 'डबा'चंही तेच झालं. काकूंच्या पाटीवर राहिलं 'मिरज'. आमचा ओळखणारा लातूरचा. त्यानं डोळे उघडले, मिरज वाचलं आणि क्षणात म्हणाला, "आगगाडी!" २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी यायची, ती त्या पोरानं नळाला पाणी नसलेल्या घरात बसून पाहिली होती. पुण्याहून आलेल्या आमच्या सुनेला त्यातलं काहीच कळलं नाही, मग काकूंनी तिला तो सगळा उन्हाळा सांगितला. शब्द आपले असले की असं होतं.

काही गोष्टी आधी बोलून ठरवा, नाहीतर ऐन रंगात वाद होतो. ऱ्हस्व-दीर्घाची चूक असली तरी शब्द एकच धरायचा. 'बैल' आणि 'बैलं' एकच. 'मुलगा' आणि 'मुलगी'सुद्धा एकच. दिलेल्या शब्दाचं दुसऱ्या भाषेतलं रूप चालत नाही. आपल्याकडं मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी आणि सीमेकडच्या गावांत कानडी-तेलुगूही बोलण्यात मिसळलेली असते, त्यामुळं 'आंब्या'ला कुणीतरी 'मँगो' लिहितंच. ते बाद.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांना बाजूला बसवू नका. आमच्या आत्यांना सही करता येते, तेवढंच. त्या शेजारच्या नातीच्या कानात शब्द सांगतात, नात लिहिते. नातीची स्वतःची पाटी वेगळी असते आणि आत्यांचा शब्द ऐकून तिनं आपला बदलायचा नाही, एवढी अट. आत्यांचा शब्द आमच्यात सगळ्यात कमी वेळा पुसला जातो, कारण त्यांना सुचतं ते दुसऱ्या कुणाला सुचतच नाही.

दुसरा खेळ: पंचवीस शब्द

पाटीवर तीन-चार बैठकी झाल्या की 'कोडनेम्स' घ्या. चेक प्रजासत्ताकाच्या व्लादा ख्वाटिल यांनी तो रचला, २०१५ साली बाजारात आला, २०१६ मध्ये त्यालाही तोच जर्मन मान मिळाला. जमिनीवर पाच गुणिले पाच अशा पंचवीस शब्दांच्या चिठ्ठ्या मांडायच्या. मूळ खेळात दोन संघ असतात. पण त्याचाच सहकारी प्रकार 'कोडनेम्स ड्युएट' २०१७ मध्ये आला, आणि घरात तोच मला जास्त आवडतो.

आधी शब्द निवडा. या खेळाला अनेक अर्थांचे शब्द लागतात आणि मराठीत त्यांची खाण आहे. 'पान' घ्या: झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं, पत्त्यातलं आणि जेवायला वाढतात ते. 'पात्र' म्हणजे भांडं, नदीचं पात्र, नाटकातलं पात्र. 'कळ' दुखते आणि दाबतातही. 'नाव' माणसाला असतं आणि पाण्यावर तरंगतं. हार, चाल, मान, वार, अंक, भाव, साल, रस, ओढा, तीर, घडी, कर, माळ, पूर, वाट, चूक, खार, सूर असे शंभरेक शब्द जमवा. घरातल्या सगळ्यांना कामाला लावा, रात्रीच्या जेवणावर दोन दिवसांत होतात. त्यांत बैल, धरण, साडी, संत, शाळा असे सरळ शब्दही मिसळा.

आता नकाशा. दोन बाजूंना दोन गट समोरासमोर बसतात आणि प्रत्येकाकडं पंचवीस घरांचा आपापला कागद असतो. दुसऱ्या बाजूचा कागद आपल्याला दिसत नाही. प्रत्येक कागदावर नऊ घरं हिरवी, तीन काळी, बाकी तेरा कोरी. माझ्या कागदावरची हिरवी घरं समोरच्यांनी ओळखायची, त्यांची आम्ही. बनवायची रीत अशी: तीन घरं दोन्ही कागदांवर हिरवी. पाच घरं पहिल्यावर हिरवी नि दुसऱ्यावर कोरी, पाच त्याच्या उलट. एक घर पहिल्यावर हिरवं पण दुसऱ्यावर काळं, एक त्याच्या उलट. एक दोन्हीकडं काळं. एक फक्त पहिल्यावर काळं, एक फक्त दुसऱ्यावर. उरलेली सात दोन्हीकडं कोरी. मोजून बघा, दोन्ही मिळून हिरवे शब्द पंधरा होतात. शेंड्याला 'वर' असा बाण काढा म्हणजे कागद उलटा धरला जाणार नाही. अशा दहा जोड्या एखाद्या चित्रकलेची आवड असलेल्या पोराकडून करून घ्या. दहा झाल्यावर कुठली कशी होती ते त्यालाही आठवत नाही.

एका बाजूनं एक शब्द आणि एक आकडा सांगायचा. शब्द म्हणजे सूचना, आकडा म्हणजे त्या सूचनेशी जुळणाऱ्या चिठ्ठ्या किती. समोरच्यांनी एकेक चिठ्ठीवर बोट ठेवायचं. हिरवी निघाली तर चिंचोका ठेवून पुढं जायचं, कोरी निघाली तर पाळी संपली, काळी निघाली तर सगळा डावच गेला. दोन्ही बाजूंना मिळून एकूण नऊ पाळ्यांत पंधराही हिरवे शब्द सापडले पाहिजेत. समोर दिसणारा शब्द किंवा त्याचं रूप सूचनेत वापरायचं नाही: 'चाल' मांडलेला असेल तर 'चालणे' चालत नाही. सूचना अर्थावरून द्यायची, अक्षरांवरून नाही, म्हणून "प पासून सुरू होणारे, तीन" असं म्हणायचं नाही. माणसांची, गावांची नावं चालतील का, हे खेळायच्या आधी ठरवा. चालू द्यावीत असं माझं मत. का, ते पुढच्या डावात कळेल.

आत्यांची पाळी होती. त्यांच्या कागदावर साडी, संत आणि धरण हिरवे होते, आणि नदी काळी. त्या बराच वेळ चिठ्ठ्यांकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पैठण. तीन." आमच्या बाजूला तिघं होतो. साडी तर झालीच. नाथांमुळं संतही झाला. तिसरं? भाचा म्हणाला, धरण, जायकवाडी. दादा म्हणाले, नदी, गोदाकाठचंच गाव ते. आत्या मख्ख. भाच्यानं मग मुद्दा काढला: "नदी सांगायची असती तर आत्यांनी गोदावरी म्हटलं असतं. नदी नांदेडलाही आहे, गंगाखेडलाही आहे. पण साडी, संत आणि धरण हे तिन्ही एका ठिकाणी पैठणलाच." धरणावर बोट ठेवलं. हिरवं.

त्या डावानंतर मी सूचना देणाऱ्यांना एकच गोष्ट सांगतो. आपले शब्द बघण्याआधी काळे बघा. आपल्या सूचनेनं काळा शब्दही ओढला जाणार असेल तर आकडा कमी करा. तीनऐवजी दोन सांगितले तरी डाव जिवंत राहतो. आत्यांनी मोठा धोका घेतला होता. पण त्यांचा भाच्यावर भरवसा होता.

गप्प बसायचा खेळ

'द माइंड' हा वोल्फगांग वार्श यांचा २०१८ चा खेळ. सामान म्हणजे एक ते शंभर आकड्यांच्या शंभर चिठ्ठ्या. पहिल्या पातळीला प्रत्येकाला एक चिठ्ठी, दुसरीला दोन, असं वाढत जातं. चिठ्ठ्या मधोमध चढत्या क्रमानं टाकायच्या. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, पाळी ठरलेली नाही. आपला आकडा सात असेल तर लवकर टाकायचा, ऐंशी असेल तर थांबायचं, इतकंच. कुणाच्या हातात टाकलेल्यापेक्षा लहान आकडा राहून गेला तर एक जीव गेला. दोघांना दोन जीव नि बारा पातळ्या, तिघांना तीन जीव नि दहा पातळ्या, चौघांना चार जीव नि आठ पातळ्या. एक सवलत असते: सगळ्यांनी हात वर करून होकार दिला तर प्रत्येकानं आपली सगळ्यात लहान चिठ्ठी उघडी बाजूला ठेवायची. सुरुवातीला ती एकदाच मिळते.

सांगताना हे फारच साधं वाटतं. खेळताना अख्खी सतरंजी श्वास रोखून बसते. उन्हाळ्यात रात्री वीज गेली की गच्चीवर बॅटरीच्या उजेडात आम्ही हाच काढतो.

पत्त्यांवरचे दोन खेळ

मेंढीकोट येणाऱ्यांना 'द क्रू' एका बैठकीत जमतो. थॉमस झिंग यांचा हा खेळ २०१९ चा. एका कॅटातून चारही रंगांची एक्का ते नव्वी घ्या, एक्का सगळ्यात लहान. चार गुलाम हुकूम म्हणून ठेवा: किल्वर एक, चौकट दोन, बदाम तीन, इस्पिक चार. चाळीस पानं झाली, चौघांना दहा-दहा. इस्पिकचा गुलाम ज्याच्याकडं तो नायक, पहिली उतारी त्याची. रंगाला रंग द्यायचाच, ते नेहमीसारखंच.

दुसऱ्या कॅटाची एक्का ते नव्वी पिसून त्यातून एक पान उघडा. समजा बदामाची सत्ती निघाली. नायकापासून सुरू करून कुणीतरी ती जबाबदारी घ्यायची, आणि बदामाची सत्ती असलेला हात त्यानंच ओढायचा. दुसऱ्यानं ओढला तर सगळे हरले. जमलं की पुढच्या डावाला दोन पानं, मग तीन. बोलायचं काहीच नाही. फक्त एकदा, कुठल्याही हाताची उतारी होण्याआधी, प्रत्येकाला आपलं एक पान उघडं ठेवून त्यावर चिंचोका ठेवता येतो: वरच्या कडेला म्हणजे या रंगातलं माझं सगळ्यात मोठं, खालच्या कडेला म्हणजे सगळ्यात लहान, मधोमध म्हणजे या रंगातलं एवढं एकच. हुकमाचं पान असं दाखवता येत नाही. आमच्या दादांनी उभी हयात मेंढीकोट खेळलाय, समोरच्याची दस्सी मारण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. इथं त्यांना मुद्दाम हात सोडायला शिकायला दोन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री ते सगळ्यांना शिकवत होते.

'हनाबी' आंत्वान बोझा यांचा, २०१० चा. यात आपली पानं आपल्याला दिसत नाहीत. पाठ आपल्याकडं आणि तोंड बाकीच्यांकडं करून धरायची. चार रंगांत खेळायचं तर प्रत्येक रंगाचे तीन एक्के, दोन दुर्र्या, दोन तिर्र्या, दोन चौक्या आणि एक पंजी, अशी चाळीस पानं. दोघं-तिघं असतील तर हातात पाच-पाच, जास्त असतील तर चार-चार. आपल्या पाळीला तीनपैकी एक गोष्ट करायची: कुणाला सूचना द्यायची, एक पान टाकून द्यायचं, नाहीतर एक पान जमिनीवर रचायचं. सूचना एका प्रकारचीच: "तुझी ही दोन पानं बदाम" किंवा "हे एक पान तिर्री", आणि तशी जेवढी असतील तेवढी सगळी दाखवायची. सूचनांसाठी आठ चिंचोके मध्ये ठेवा. सूचना दिली की एक उचलायचा, पान टाकून दिलं की एक परत येतो. रंग एक्क्यापासून पंजीपर्यंत चढत रचायचा. चुकीचं पान रचलं तर एक चूक, तीन चुकांत खेळ संपला.

तीन एक्के हवेत म्हणून आम्ही पहिल्यांदा दोन लाल पाठीचे कॅट घेतले आणि तिसरे एक्के एका निळ्या पाठीच्या कॅटातून. दुसऱ्याच पाळीला भाचीनं न विचारता पान रचलं. निळी पाठ म्हणजे एक्काच, हे तिला दिसत होतं. तो डाव तिथंच मोडला. तिन्ही कॅट एकाच पाठीचे घ्या, नाहीतर सगळी पानं एकाच जातीच्या लग्नपत्रिकेतून कापा.

एकटाच हाकणारा

सहकारी खेळ बिघडतो तो एकाच कारणानं. एखाद्या हुशार माणसाला सगळं आधी दिसतं, मग तो प्रत्येकाला सांगत सुटतो: तू हे टाक, तू ते ठेव. बाकीचे नुसते हात हलवतात आणि पुढच्या वेळी बसतच नाहीत. सगळी माहिती उघडी असते त्या खेळांत हे जास्त होतं. मॅट लीकॉक यांचा 'पँडेमिक', २००८ चा, खेळ म्हणून उत्तम आहे, पण घरात असा हाकणारा असेल तर मी तो पहिल्या महिन्यात काढत नाही.

म्हणूनच वरचे सगळे खेळ बोलणं बांधून ठेवणारे निवडलेत. तरी पंचवीस शब्दांत चर्चा मोकळी असते, तिथं एक नियम घाला. आधी सगळ्यात लहान बोलणार, मग वयानं चढत, घरातलं कर्तं माणूस शेवटी. दादांनी "नदी" म्हटल्यावर कुणाची त्यांना खोडायची हिंमत झाली नसती. भाचा आधी बोलला होता म्हणून धरण वाचलं.

घोळका मोठा असेल तर

दहा-बाराच्या वर माणसं आणि सामान काहीच नाही, अशा वेळी 'माफिया'. मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदोव यांनी १९८६ मध्ये तो रचला. आमच्याकडं त्याचं गाव झालंय. चिठ्ठ्यांनी दहा जणांत दोन चोर, एक फौजदार, एक वैद्य ठरतात, अकरावा सूत्रधार. रात्र झाली की सगळे डोळे मिटतात. चोर डोळे उघडून कुणाचं घर फोडायचं, म्हणजे कुणाला बाद करायचं, ते बोटानं दाखवतात, वैद्य एकाला वाचवतो, फौजदार एकाविषयी विचारतो आणि सूत्रधार मानेनं हो-नाही सांगतो. सकाळी गाव चर्चा करून एकाला हाकलतं. सगळे चोर गेले तर गाव जिंकलं, चोर गाववाल्यांएवढे झाले तर चोर जिंकले. हा पूर्ण सहकारी नाही, यात खोटं बोलावं लागतं. म्हणून मी तो शेवटी ठेवतो आणि दोन डावांवर खेळत नाही. पहिल्याच रात्री बाद झालेल्या लहान पोराला पुढच्या डावात सूत्रधार करा. आणि खऱ्या आयुष्यातली जुनी भांडणं चर्चेत आणायची नाहीत, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

येळवशीला जाताना माझ्या पिशवीत एवढं असतं: सहा पाट्या, खडू, पाटीच्या तेरा पत्रिका, शंभर शब्द, शंभर आकडे, नकाशांच्या दहा जोड्या, एका पाठीचे तीन कॅट आणि मूठभर चिंचोके. सगळं पापडाच्या एका डब्यात मावतं. शेतात वारा असतो, चिठ्ठ्या उडतात, म्हणून पोरांना आधी पंचवीस खडे वेचायला पाठवा. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यावर एक, शब्द झाकला जाणार नाही असा.